मोडीत काढण्यापूर्वी

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस चामराजपेट नावाची वसाहत आहे. जुन्या पेठांमधील दाटी असह्य होऊ लागली तेव्हा, १८९२ साली, चामराजेंद्र वडियार यांच्या कारकिर्दीत ती आखून वसविण्यात आली. सरळ रस्ते, त्यांना छेदणाऱ्या आडव्या गल्ल्या, पुढे अंगण व मागे परसू असलेली घरे असे तिचे मूळचे रूप होते. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच पेठेत आहे. मराठी माणसाला या परिसराविषयी आणखी एका कारणाने आपुलकी वाटते. १६३८ नंतर हा किल्ला व त्याच्या आश्रयाने वाढलेले गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होते. परंतु प्रस्तुत हकीकत राजेरजवाड्यांची नाही. ती बंद पडलेल्या रेडिओची, फुटक्या पडद्याच्या दूरध्वनीची आणि टाकून दिलेल्या संगणकाची आहे.

चामराजपेटेतून ईशान्येकडे चालत निघाले, की कृष्णराजेंद्र मार्केटची गजबज ओलांडल्यावर थोड्याच वेळात सदर पत्रप्पा रस्ता लागतो. लोकांच्या तोंडी तो ‘एस. पी. रोड’ आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला शोभणारा हा त्यांचा कानडी भाऊबंद. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढ्या दुकानांत भिंग डोळ्याला लावून माणसे बसलेली असतात आणि बंद पडलेली यंत्रे बोलती करतात. उलट चामराजपेटेतून पश्चिमेकडे, म्हैसूर रस्त्याच्या बाजूला गेले, तर गौरीपाळ्याच्या आसपासच्या वस्त्या लागतात. तेथे कित्येक वर्षे हीच यंत्रे हातोड्याने फोडली गेली, त्यांच्या तारा जाळल्या गेल्या आणि त्यांतील धातू वेगळे काढले गेले. या दोन ठिकाणांमधले अंतर दीड-दोन मैलांचे. परंतु बिघडलेली वस्तू कोणत्या दिशेला जाणार हे कोण ठरवितो, आणि ते ठरविण्याचा अधिकार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती कसा गेला, याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

मराठीत ‘मोड’ हा शब्द सोनाराच्या आणि तांबटाच्या व्यवहारातला. जुना दागिना मोडीत घातला, तर त्याचे सोने वजनावर जमेस धरून नवा दागिना घडविला जातो. फुटका हंडा तांबटाकडे नेला, तर त्याची मोड वजा होऊन नवा हंडा स्वस्तात पडतो. म्हणजे मोडणे हा शेवट नव्हता. घडविण्याच्या कामाची ती सुरुवात होती. दारावर येणारा कल्हईवाला, जुनी गादी पिंजून देणारा पिंजारी, छत्रीच्या काड्या बसवून देणारा फिरता कारागीर आणि जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही सारी मंडळी याच व्यवहाराची अंगे होती. त्यांना केवळ गरिबीची चिन्हे समजण्याचा प्रघात आहे, तो बरोबर नाही. श्रीमंताच्या घरचे हंडेसुद्धा कल्हईला जात आणि त्याच्या घरची मोडही सोनाराकडेच जाई.

मात्र या सर्व व्यवहाराला एक अट होती. वस्तू एकदोन पदार्थांची असली पाहिजे आणि ते पदार्थ साध्या आगीने व साध्या हत्याराने वेगळे करता आले पाहिजेत. हंडा वितळवला, की तांबे मिळते. विजेच्या आणि त्यापुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी ही अटच मोडून टाकली. तांबे, कथील, शिसे, चांदी, सोने, काच, राळ, प्लास्टिक हे सर्व एका तळहाताएवढ्या पाटीवर एकमेकांना चिकटून बसले. आजच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांत मिळून साठाहून अधिक मूलद्रव्ये आढळतात. अशा वस्तूची जुन्या अर्थाने मोड होऊच शकत नाही. ती एक तर दुरुस्त करावी लागते, नाही तर शास्त्रशुद्ध कारखान्यात नेऊन काळजीपूर्वक विघटित करावी लागते. यांपैकी काहीच केले नाही, तर ती विष होऊन माणसाकडे परत येते.

या परिसरात वीज आली ती ५ ऑगस्ट १९०५ रोजी. शिवनसमुद्र येथील कावेरीच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज तीन वर्षे आधी, १९०२ साली, कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली गेली होती; तिचाच एक फाटा बंगळूरला आणण्यात आला आणि मार्केटच्या परिसरात रस्त्यावरचे विजेचे दिवे लागले. दगडातून सोने काढण्यासाठी निर्माण झालेल्या विजेने चामराजपेटेच्या वेशीवर पहिला उजेड पाडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचे दुसरे टोक पुढे येणार आहे.

दिवा ही वस्तू दुरुस्तीच्या परंपरेत न बसणारी होती. कंदिलाची काच फुटली तर नवी बसविता येई, वात बदलता येई. विजेच्या दिव्याची तार तुटली, की तो फेकून देण्यापलीकडे घरच्या माणसाच्या हाती काही उरत नसे. तो किती दिवस टिकावा हे मग विकत घेणाऱ्याच्या काळजीवर नव्हे, तर घडविणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले. ही मर्जी कशी चालते याचे उदाहरण लवकरच मिळाले. १९२४ साली जिनिव्हा येथे जगातील बड्या दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि घरगुती दिव्याचे आयुष्य एक हजार तास असावे असे ठरवून घेतले. ज्या सभासदाचे दिवे याहून अधिक टिकत, त्याला दंड भरावा लागे. त्यांच्या बाजूनेही एक मुद्दा होता, तो नमूद केलाच पाहिजे: जास्त टिकणारा दिवा तेवढ्याच विजेत कमी उजेड देतो. परंतु केवळ ग्राहकाच्या वीजबिलाच्या काळजीपोटी कोणी दंडाची कोष्टके तयार करीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हा संघ मोडला; त्याने घालून दिलेला धडा मात्र कारखानदारी विसरली नाही.

रेडिओची गोष्ट अगदी निराळी. म्हैसूर संस्थानात रेडिओ आला तो एका प्राध्यापकाच्या हौसेतून. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसूर येथील आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले आणि त्याच्याशी ‘आकाशवाणी’ हे नाव जोडले गेले. राष्ट्रीय नभोवाणीने पुढे स्वीकारलेले हे नाव अशा रीतीने एका घरगुती यंत्राच्या बारशाला ठेवलेले आहे. बंगळूरचे केंद्र सुरू झाले ते १९५५ च्या नोव्हेंबरात. तोपर्यंत फिलिप्स, मर्फी, बुश यांचे लाकडी पेटीचे रेडिओ शहरातील सुखवस्तू घरांतून दिसू लागले होते.

त्या पेटीची अंतर्रचना आज मुद्दाम आठवण्याजोगी आहे. मागची पुठ्ठ्याची किंवा पातळ लाकडाची फळी चार स्क्रू काढले की निघे. आत पत्र्याच्या पाटावर पाच-सहा काचेचे व्हॉल्व्ह रांगेने उभे असत. ते डाख देऊन पक्के केलेले नसत. पायांच्या खुंट्यांवर खोबणीत बसविलेले असत, कारण ते कधी तरी जाणार हे घडविणाऱ्याने गृहीतच धरलेले होते. रेडिओ चालू केला, की त्यांच्या पोटात लालसर तांबूस प्रकाश दिसे. ज्याच्यात तो दिसत नसे तो गेला, एवढे घरच्या पोरालाही कळे. मोठी घरघर ऐकू येऊ लागली, तर वीजपुरवठ्याच्या भागातील कंडेन्सर वाळला असे समजावे. काटा हलेनासा झाला, तर डायलची दोरी तुटली असे समजावे. कित्येक संचांच्या आतल्या बाजूस संपूर्ण जोडणीचा नकाशाच चिकटविलेला असे. तो नकाशा ही साधी गोष्ट नव्हती. त्याचा अर्थ असा, की उत्पादकाला आपल्या आणि ग्राहकाच्या मध्ये एक तिसरा माणूस मान्य होता. तो जवळच्या चौकातला, हाताखाली एक पोरगा ठेवणारा, मीटर आणि तापता खिळा एवढ्या भांडवलावर संसार चालविणारा दुरुस्तीवाला होता.

बंगळूरला या माणसाचे भाग्य आणखी फळफळले. स्वातंत्र्यानंतर अवघ्या एका वर्षात, १९४८ साली, सरकारने दूरध्वनी यंत्रे तयार करण्यासाठी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना याच शहरात काढला. १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली. तेथे १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियमचे अर्धवाहक तयार होऊ लागले. १९६४ पासून आकाशवाणीसाठी प्रक्षेपकही बनू लागले. एच. एम. टी.चे मनगटी घड्याळही १९६१ साली बंगळूरलाच टिकटिकू लागले. सूक्ष्म कामाला सरावलेले हात, सुट्या भागांची ओळख आणि इंग्रजीतील तांत्रिक पत्रके वाचण्याची सवय ही त्या कारखान्यांनी शहराला दिलेली देणगी होय. हिशेबाच्या वह्यांत ती कधी दाखविली गेली नाही.

यांतील टेलिफोनची एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. घरात ठेवलेले ते काळे, जड, आकड्यांची चकती असलेले यंत्र घरमालकाच्या मालकीचे नसे. ते पोस्ट व तार खात्याचे असे. बिघडले तर खात्याचा माणूस येई आणि सुधारून जाई. त्याबद्दल वेगळा दाम पडत नसे. म्हणजे यंत्र जितके कमी बिघडेल आणि जितक्या चटकन सुधारता येईल, तितका खात्याचा फायदा. कारखानाही सरकारचा आणि निगराणीही सरकारची. ते यंत्र टिकाऊ झाले ते सरकारी नोकरांच्या सद्गुणांमुळे नव्हे. ज्याने बिघाडाचा खर्च सोसायचा, त्याचाच शब्द यंत्राच्या घडणीत चालत होता म्हणून. पुढे मालकी ग्राहकाकडे आली, खर्चही त्याच्याकडे आला. घडणीवरचा शब्द मात्र त्याच्याबरोबर आला नाही.

या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. टेलिफोनसाठी अर्ज केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रेडिओ घेणे ही महिन्याच्या पगाराच्या पलीकडची उडी असे आणि त्यासाठी पोस्टातून वार्षिक परवाना काढावा लागे. वस्तू दुरुस्त होत, कारण नवी मिळत नसे. चांगला व्हॉल्व्ह काढून घेऊन जुना बसवून देणारा दुरुस्तीवालाही त्याच चौकात असे. टंचाईने लावलेल्या सवयी टंचाई सरताच सुटल्या यात नवल नाही. परंतु सवय सुटणे आणि ज्ञान नष्ट होणे यांत फरक आहे. पुढे जे घडले, त्यात ज्ञानावरच घाला आला.

मधला काळ झपाट्याने गेला. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ खेडोपाडी पोहोचला; १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ साली बंगळूरला गेली, १९८५ साली अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तेथे आपले केंद्र उघडले आणि शहराला नवा धंदा सापडला. एस. पी. रोडवरील दुकानांत संगणकाचे सुटे भाग येऊन बसले. मेजावरचा संगणक हा एका अर्थाने जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओचाच वंशज होता. पेटी उघडावी, स्मृतीची पट्टी खोबणीतून काढावी, दुसरी बसवावी. पंखा बदलावा, वीजपुरवठ्याचा डबा बदलावा. निरनिराळे भाग घेऊन अख्खा संगणक जुळवून देण्याचा धंदा या रस्त्यावर भरभराटीला आला. शेकडो विद्यार्थ्यांचा पहिला संगणक असाच एस. पी. रोडवर जुळविलेला असे.

मग यंत्रे पातळ होऊ लागली. मांडीवरचा संगणक आणि खिशातला दूरध्वनी यांच्या पोटात खोबणी उरल्या नाहीत. स्मृती मुख्य पाटीलाच जोडली गेली, बॅटरी गोंदाने चिकटविली गेली, पाठीला स्क्रू राहिला नाही आणि जेथे राहिला तेथे तो बाजारात न मिळणाऱ्या हत्याराने उघडणारा निघाला. नकाशा कंपनीच्या तिजोरीत गेला. काही उत्पादकांनी तर प्रत्येक भागाला क्रमांक देऊन असा बंदोबस्त केला, की एका यंत्रातला पडदा त्याच जातीच्या दुसऱ्या यंत्रात बसविला तरी यंत्राने त्याला ओळख देऊ नये. पातळपणाचे व पाणी आत न शिरण्याचे लाभ खरे आहेत आणि ग्राहकाने ते आनंदाने घेतले. परंतु त्या बदल्यात त्याने काय दिले, हे त्याला पावतीवर कोठे लिहून मिळाले नाही.

कधी कधी तर हत्यार लावण्याचीही गरज पडत नाही. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपल कंपनीने कबूल केले, की बॅटरी जुनी झालेल्या आपल्या काही दूरध्वनींची गती ती आज्ञावलीद्वारे कमी करीत होती. यंत्र अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे. ग्राहकांना ही गोष्ट सांगितली नाही म्हणून फ्रान्सच्या अधिकाऱ्यांनी २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. नव्या बॅटरीने जे काम झाले असते, त्यासाठी किती लोकांनी नवा दूरध्वनी घेतला असेल याची मोजदाद कोणी केलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. नवी प्रणाली ज्यांवर चालत नाही असे पुष्कळ संगणक त्या दिवशी, एकही तार न तुटता, म्हातारे ठरले.

आता पश्चिमेकडची वाट. एस. पी. रोडवर जे सुधारत नाही, कचेऱ्या व घरे जे टाकून देतात, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवरून म्हैसूर रस्त्याच्या बाजूला जात असे. तारेतले तांबे मिळविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वरचे प्लास्टिक जाळणे. त्या धुरात डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये असतात. सर्किट बोर्ड तव्यावर किंवा शेगडीवर तापवून त्यांवरचे भाग झटकून काढायचे, म्हणजे डाखातले शिसे श्वासात जाते. उरलेली पाटी आम्लात बुडवून सोने काढायचे, म्हणजे उरलेले पाणी गटारात जाते. जपानच्या एहिमे विद्यापीठातील संशोधकांनी बंगळूरच्या अशा ठिकाणांची माती, हवा आणि काम करणाऱ्यांचे केस तपासून २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिसे, कॅडमियम, कथील, अँटिमनी, पारा अशा धातूंचे प्रमाण तेथील मातीत वाढलेले आढळले आणि कामगारांच्या केसांतही त्यांतील काहींचा माग लागला. संगणकाने ज्या शहराचे नाव जगभर केले, त्याच शहरात तो संगणक माणसाच्या केसांत उतरला होता.

येथे कोलारची आठवण होते. १९०२ साली ज्या खाणींना कावेरीची वीज पोहोचविली, त्या २००१ च्या फेब्रुवारीत बंद झाल्या. दगडातले सोने इतके विरळ झाले होते, की ते काढणे परवडेना. त्याच सुमारास शहरात साठू लागलेल्या संगणकांच्या चांगल्या सर्किट बोर्डांत टनामागे शंभर ग्रॅमहून अधिक सोने होते. कोलारच्या दगडापेक्षा ते कितीतरी पट समृद्ध होते. नवी खाण शहरातच निघाली. फक्त तिच्यात उतरणाऱ्या मजुराला ना शिरस्त्राण, ना हजेरीपट, ना दवाखाना.

यात सरकारी व कंपन्यांच्या कचेऱ्यांचा वाटा किती, हेही सांगितले पाहिजे. कचेरीतील प्रत्येक खुर्ची, पंखा आणि संगणक जडसंग्रह नोंदवहीत चढविलेला असतो. तो बिघडला, की दुरुस्तीचा खर्च एका लेखाशीर्षातून आणि नव्या खरेदीचा दुसऱ्यातून होतो. मार्चअखेर दुसऱ्यातच शिल्लक अधिक असते. जुना संगणक मग जिन्याखाली तीन-चार वर्षे धूळ खात पडतो, कारण त्याच्या निर्लेखनाला समिती लागते, समितीला सभा लागते आणि सभेला कोरम लागतो. तोवर त्याचे जे भाग दुसऱ्या यंत्राला उपयोगी पडले असते, तेही कालबाह्य होतात. शेवटी लिलाव होतो आणि नियमाप्रमाणे सर्वांत जास्त बोली बोलणाऱ्याला माल जातो. सर्वांत जास्त बोली कोण बोलू शकतो? ज्याला धूर शुद्ध करण्यावर, आम्ल निववण्यावर, कामगारांच्या हातमोज्यांवर काहीच खर्च करायचा नसतो तो. सार्वजनिक पैशाचे रक्षण करण्यासाठी केलेला नियम अशा रीतीने गल्लीतल्या धुराला सरपण पुरवीत राहिला. कोणाही एकाने लबाडी केली नाही. प्रत्येक टिपणी नियमानुसार होती.

शास्त्रशुद्ध विघटनाची वाट बंगळूरजवळच प्रथम तयार झाली, हे या शहराच्या श्रेयाचे. २००५ साली पी. पार्थसारथी यांनी दोब्बसपेट येथे ‘ई-परिसर’ हा कारखाना सुरू केला. देशातील अधिकृत अशा पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. त्या वर्षी देशातील अशा कचऱ्याचा अंदाज केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुमारे दीड लाख टन केला होता. २०१९-२० साली तो आकडा दहा लाख टनांवर गेला. साऱ्या जगाचा २०२२ मधील आकडा सहा कोटी वीस लाख टन असा आहे आणि त्यातील एक चतुर्थांशदेखील रीतसर गोळा व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद नाही.

कायदा मागाहून आला. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात लोटण्याला आळा घालणारा बासेल करार १९८९ सालचा. भारतात ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०११ साली झाले व १ मे २०१२ पासून अमलात आले. वस्तू तयार करणाऱ्यानेच तिच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यांत आले. २०१६ साली ते नियम सुधारले आणि २०२२ साली पुन्हा नव्याने केले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या नियमांत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. या नव्या नियमांतील एक कलम थोडे बारकाईने वाचण्यासारखे आहे. जुने यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणले, तर उत्पादकाची जबाबदारी तेवढ्या काळापुरती पुढे ढकलली जाते, आणि पुढे ती अंगावर आली तरी त्या वजनाच्या पंचाहत्तर टक्केच धरली जाते. दुरुस्तीला हिशेबात किंमत मिळाली, ही गोष्ट लहान नाही.

तथापि ही किंमत मिळते ती नोंदणीकृत पुनर्निर्मात्याच्या प्रमाणपत्रावर. एस. पी. रोडवरील हातभर रुंदीच्या दुकानात असे प्रमाणपत्र कोठून येणार? त्याहून बिकट गोष्ट अशी, की त्या दुकानदाराचे पोट भंगारावरच चालते. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्राचा भाग कंपनी देत नाही. तो दुसऱ्या मेलेल्या यंत्रातूनच मिळतो. रविवारी चिकपेटेच्या बाजूला भरणाऱ्या जुन्या बाजारात आणि भंगाराच्या वखारीत तो भाग शोधावा लागतो. ज्या भंगारवाल्याला नियमाने व्यवहाराबाहेर काढले, तोच दुरुस्तीवाल्याचा एकमेव पुरवठादार आहे. सर्व टाकाऊ माल थेट मोठ्या कारखान्याच्या चरकात जावा असा बंदोबस्त पूर्ण यशस्वी झाला, तर गौरीपाळ्याचा धूर थांबेल हे खरे. परंतु त्याच दिवशी एस. पी. रोडवरील भिंगेही निकामी होतील. चरकात घातलेल्या यंत्रातून तांबे व सोने परत येते. यंत्र घडविताना लागलेली वीज, पाणी आणि श्रम परत येत नाहीत. आणि दूरध्वनीसारख्या वस्तूच्या बाबतीत निसर्गावर पडणाऱ्या एकूण भाराचा बहुतांश भाग ती घडवितानाच पडलेला असतो. म्हणून आधी दुरुस्ती आणि मग विघटन, हा क्रम नुसत्या काटकसरीचा नाही. नियम करणाऱ्यांनी भंगारवाल्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याला जाळण्याचे काम सोडून निवडण्याचे काम कसे देता येईल, हे पाहावयास हवे होते. त्याची नजर वाया घालविण्यासारखी नव्हती.

युरोपात या प्रश्नाला तोंड फुटले ते नागरिकांकडून. १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲम्स्टरडॅम येथे मार्टिने पोस्टमा या पत्रकार महिलेने पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरविला. बंद पडलेल्या वस्तू घेऊन लोकांनी यावे, जाणकारांच्या शेजारी बसून त्या स्वतः सुधाराव्यात, आणि सोबत चहा-कॉफी घ्यावी, एवढाच साधा बेत. तो पुढे अनेक देशांत पसरला. २०१५ साली पूर्णा सरकार आणि अंतरा मुखर्जी यांनी तो बंगळूरला आणला. निरनिराळ्या वस्त्यांतून भरणाऱ्या त्या मेळाव्यांत मिक्सर, इस्त्र्या, टेबलावरचे दिवे, खेळणी असे सामान येऊ लागले. एका मेळाव्यात सुधारलेल्या वस्तूंचे वजन शहराच्या कचऱ्यापुढे नगण्य आहे. पण ज्याने आयुष्यात कधी इस्त्रीचा स्क्रू काढला नाही, तो तो काढतो. आत काय असते ते त्याला कळते. रेडिओच्या फळीवरचा नकाशा जे काम करीत असे, तेच हे.

त्या पाठोपाठ काही देशांत कायदाही आला. १ जानेवारी २०२१ पासून फ्रान्समध्ये काही यंत्रांवर त्यांच्या दुरुस्तियोग्यतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने २०२४ च्या जूनमध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले, आणि दुरुस्तियोग्यतेचा निर्देशांक कसा असावा याविषयी नेमलेल्या दुसऱ्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात आपला अहवाल सादर केला. उघडावयास किती पायऱ्या लागतात, कोणती हत्यारे लागतात, सुटे भाग किती दिवसांत व किती दामाला मिळतात, माहिती खुली आहे की नाही, अशा कसोट्या अशा निर्देशांकात येतात.

एस. पी. रोडवरील कारागिराला या कसोट्या कोणी शिकविलेल्या नाहीत. गिऱ्हाइकाने बंद पडलेला दूरध्वनी फळीवर ठेवला, की तो आधी पडद्याकडे पाहत नाही. तो यंत्र उपडे करतो, कडेने नख फिरवितो आणि पाठ कोठून उघडते ते पाहतो. मगच भाव सांगतो.